औषधाची पेटी हरवलेला प्रवासी : डेव्हिड लिव्हिंग्स्टन

मानकोली (भिवंडी) : मुंबईहून नाशिककडे निघालेल्या प्रवाशाने खारेगावची खाडी ओलांडली की काही वेळातच मानकोली नाका लागतो. एका बाजूला यंत्रमागांचे भिवंडी शहर आणि दुतर्फा गोदामांच्या रांगा, असे या परिसराचे आजचे रूप आहे. याच वाटेच्या पुढच्या टोकाला, नाशिकच्या शरणपुरात, एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांची एक शाळा होती. सूतगिरणीत बालपण घालविलेला एक स्कॉटिश डॉक्टर १८६५ साली आपल्या अखेरच्या आफ्रिका प्रवासासाठी साथीदार शोधत तेथे आला होता. त्याचे नाव डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन.

व्हिक्टोरिया धबधब्याची माहिती युरोपला देणारा आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठविणारा संशोधक म्हणून लिव्हिंग्स्टन यांना जग ओळखते. मात्र हिवतापावर औषध आणि प्रतिबंध यांचा जवळजवळ पंचवीस वर्षे शोध घेणारा वैद्य, ही त्यांची ओळख मागे पडली आहे. व्यवसाय, नोकरी वा पर्यटनासाठी काही दिवसांपुरते आफ्रिकेत जाणारे लोक आज महाराष्ट्रात गावोगावी आढळतात. त्यांनी हे चरित्र या दुसऱ्या अंगानेही जाणून घेण्यासारखे आहे.

सूतगिरणीतून वैद्यकशाळेत

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी एका गरीब कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांना गावातील सूतगिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामाला लावण्यात आले. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत काम आणि त्यानंतर रात्रीची शाळा, असा त्यांचा दिनक्रम होता. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचण्याची सवय त्यांनी लावून घेतली. या चिकाटीच्या बळावर त्यांनी ग्लासगो येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८४० साली वैद्यकीय परवाना मिळविला.

मिशनरी होऊन चीनला जाण्याचा त्यांचा मानस होता. तथापि अफूच्या युद्धामुळे तो मार्ग बंद झाला आणि लंडन मिशनरी सोसायटीतर्फे १८४१ साली ते दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले. १८४४ साली सिंहाच्या हल्ल्यात त्यांच्या डाव्या दंडाचे हाड मोडले आणि ते पुढे नीट जुळले नाही. १८४५ साली त्यांनी मिशनरी रॉबर्ट मोफॅट यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. मेरीचा जन्म आफ्रिकेतलाच होता.

तापाशी पहिली गाठ

दक्षिणेकडील कोरड्या प्रदेशात असेपर्यंत हिवतापाचा त्रास फारसा नव्हता. उत्तरेला नगामी सरोवराच्या दलदलीच्या मुलखात मात्र चित्र पालटले. १८५० साली लिव्हिंग्स्टन आपल्या बायकामुलांसह तेथे गेले असता मुले तापाने फणफणली आणि मोहीम अर्ध्यावर सोडून माघारी फिरावे लागले. त्यानंतर या आजारावर हमखास उपाय शोधण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनीन हे द्रव्य फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० सालीच वेगळे केले होते. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ते कोयनेल या नावाने परिचित आहे. ते किती द्यावे आणि केव्हा द्यावे, याबाबत मात्र त्या काळी वैद्यांत एकमत नव्हते. लिव्हिंग्स्टन यांनी क्विनीन, कॅलोमेल, रेवाचिनी आणि जलाप नावाच्या रेचक मुळीची राळ यांची गोळी तयार केली. ताप चढताच ही गोळी द्यावयाची, पोट साफ करावयाचे आणि त्यानंतर कान वाजू लागेपर्यंत क्विनीन देत राहावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यातील रेचकांचा भाग आज टाकाऊ ठरला आहे. मात्र क्विनीन पुरेशा मात्रेत आणि ताप चढताच द्यावे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. ही गोळी पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली आणि बरोज वेलकम कंपनीने ती बाजारात आणली.

या पद्धतीची कसोटी त्यांच्या स्वतःच्याच देहावर लागली. १८५३ ते १८५६ या काळात त्यांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडापासून पूर्व किनाऱ्यावरील केलिमानेपर्यंत पार केला. या प्रवासात त्यांना पंचवीसहून अधिक वेळा ताप आला. मे १८५४ मध्ये लुआंडाला पोहोचले तेव्हा ते हाडांचा सापळा झाले होते. मायदेशी नेणारे जहाज समोर उभे असतानाही ते त्यावर चढले नाहीत. सोबत आलेल्या मकोलोलो जमातीच्या लोकांना त्यांच्या गावी परत पोहोचविण्याचा शब्द त्यांनी दिला होता. तो पाळण्यासाठी ते पुन्हा तापाच्या मुलखात शिरले. त्यानंतर पूर्व किनाऱ्याकडे जाताना, नोव्हेंबर १८५५ मध्ये, त्यांना झांबेझी नदीवरील महाकाय धबधबा दिसला. त्याला त्यांनी व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले.

जवळ असूनही न मिळालेले औषध

१८५७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनाने लिव्हिंग्स्टन यांना अमाप कीर्ती मिळाली. मात्र त्या कीर्तीने भारावून आफ्रिकेत आलेल्या अनेकांना तापाने गाठले.

मकोलोलो लोकांत धर्मप्रसार करण्यासाठी हेल्मोर आणि प्राइस ही मिशनरी कुटुंबे लिन्यांती येथे आली. १८६० साली अवघ्या काही आठवड्यांत हेल्मोर दांपत्यासह त्यांच्यातील अनेक जण मृत्युमुखी पडले. काहींनी विषप्रयोगाचा संशय व्यक्त केला, परंतु लिव्हिंग्स्टन यांच्या मते हे तापाचेच बळी होते. त्याच वर्षी ते स्वतः लिन्यांतीला पोहोचले. १८५३ साली तेथे ठेवून गेलेली आपली बैलगाडी आणि तिच्यातील औषधांची पेटी त्यांना सुरक्षित आढळली. ही माणसे जेथे प्राणास मुकली, तेथून ती पेटी अगदी थोड्या अंतरावर होती. औषध हाकेच्या अंतरावर असूनही त्याचा पत्ता कोणाला नव्हता.

दुसरी घटना बिशप मॅकेंझी यांची. लिव्हिंग्स्टन यांच्या आवाहनावरून आलेल्या मिशनचे ते प्रमुख होते. जानेवारी १८६२ मध्ये त्यांची होडी नदीत उलटली आणि सोबतची औषधे बुडाली. औषध नसतानाही ठरलेली भेट चुकू नये म्हणून ते नदीकाठच्या दलदलीत लिव्हिंग्स्टन यांची वाट पाहत थांबले. ३१ जानेवारीला तापाने त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी बरप हेही पुढच्याच महिन्यात दगावले.

तिसरा घाव घरातच बसला. १८६२ च्या आरंभी मेरी पतीला भेटण्यासाठी झांबेझीच्या मुखाशी आल्या. मुखाजवळचा सखल भाग तापासाठी कुप्रसिद्ध होता आणि तेथे मुक्काम लांबवू नये, हे लिव्हिंग्स्टन यांना पक्के ठाऊक होते. पण जहाजाची दुरुस्ती आणि सामानाची ने-आण यांत आठवड्यांमागून आठवडे गेले. एप्रिलमध्ये मेरींना ताप भरला. सततच्या उलट्यांमुळे पोटात औषध टिकेना आणि २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा येथे त्यांनी प्राण सोडला. आफ्रिकेत जन्मलेल्या, वाढलेल्या या स्त्रीला हिवतापाच्या मुलखात तीन महिनेही काढता आले नाहीत. त्यांचे बालपण गेले तो कोरडा प्रदेश हिवतापापासून जवळजवळ मुक्त होता. त्यामुळे आफ्रिकेतील जन्माचा त्यांना या आजारापुढे काहीच उपयोग झाला नाही.

एक निसटलेला निष्कर्ष

ताप येण्यापूर्वीच, निरोगी असताना क्विनीन घ्यावे काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. १८५४ साली डॉ. विल्यम बाल्फोर बेकी यांनी नायजर नदीच्या मोहिमेवर सर्व खलाशांना नियमाने क्विनीन दिले होते आणि त्या मोहिमेत तापाने एकही युरोपीय दगावला नव्हता. १८४१ सालच्या मोहिमेत याच नदीवर तापाने हाहाकार उडविला होता. ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन लिव्हिंग्स्टन यांनीही १८५८ साली झांबेझी मोहीम सुरू होताच आपल्या माणसांना शेरी मद्यातून रोज थोडे क्विनीन देण्यास प्रारंभ केला.

पण मात्रा अल्प होती. माणसेही ती नियमितपणे घेत नव्हती. क्विनीन घेतले काय आणि न घेतले काय, ताप येतोच, असे लिव्हिंग्स्टन यांच्या निदर्शनास आले आणि प्रतिबंधक म्हणून या औषधाचा उपयोग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वस्तुतः उणीव औषधापेक्षा ते घेण्याच्या पद्धतीत अधिक होती.

दुसऱ्या एका बाबतीत तर ते सत्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले होते. जेथे डासांचे थवे असतात तेथे हिवताप असतो, असे निरीक्षण त्यांनी आपल्या झांबेझीवरील ग्रंथात नोंदविले. परंतु दलदलीतील दूषित हवेने हा आजार होतो, अशी त्या काळची समजूत होती. त्यामुळे डास त्यांच्या लेखी केवळ खूण ठरला, कारण ठरला नाही. हिवतापाचा परजीवी १८८० साली लॅव्हरान यांना रक्तात दिसला. डासाच्या शरीरात तो २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी पाहिला. तोवर लिव्हिंग्स्टन यांना जाऊन चोवीस वर्षे लोटली होती.

मुंबई आणि नाशिक

झांबेझी मोहीम सरकारने १८६४ साली गुंडाळली. लेडी न्यासा ही लिव्हिंग्स्टन यांनी पदरमोड करून बांधलेली छोटी आगबोट. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती स्वतः हाकारत झांझिबारहून मुंबईला आणली. मोजके खलाशी आणि अपुरा कोळसा यांच्या भरवशावर सुमारे अडीच हजार मैलांचा समुद्र त्यांनी पंचेचाळीस दिवसांत ओलांडला. जून १८६४ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, ही बोट मुंबई बंदरात शिरली. बोटीवर चुमा आणि विकतानी ही दोन आफ्रिकी मुले होती. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवून ते इंग्लंडला गेले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे विल्सन.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८६५ मध्ये, ते नाईल नदीच्या उगमाचा शोध घेण्यासाठी पुन्हा मुंबईस आले. तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी त्यांना मदतीचा हात दिला. लेडी न्यासा त्यांनी मुंबईतच बांधणीखर्चाच्या निम्म्याहून कमी किमतीला विकली. ते पैसे ज्या बँकेत ठेवले, ती बँकही बुडाली. नाशिकच्या शरणपूर येथील शाळेत सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकलेले नऊ तरुण त्यांच्यासोबत जाण्यास तयार झाले. हे नऊ जण, चुमा, विकतानी आणि मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाई यांना घेऊन लिव्हिंग्स्टन जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून झांझिबारला रवाना झाले.

पेटी गेली

या मोहिमेचे नशीब आरंभापासूनच फिरले होते. शिपायांना काही महिन्यांतच परत पाठवावे लागले. कोमोरो बेटांवरून आणलेल्या हमालांनी पळ काढला आणि आपले पलायन झाकण्यासाठी लिव्हिंग्स्टन मारले गेल्याची बातमी पसरविली.

२० जानेवारी १८६७ रोजी सर्वांत मोठा आघात झाला. वाटेत घेतलेले दोन हमाल भर पावसात ओझ्यांसह जंगलात पसार झाले. नेमकी औषधांची पेटी त्याच ओझ्यांत होती आणि मोहिमेजवळचे सगळे क्विनीन त्या पेटीत होते. शोध घेऊनही काही हाती लागले नाही. आपल्याला जणू मृत्युदंडच फर्मावण्यात आला आहे, अशी भावना त्यांनी त्या दिवशी रोजनिशीत नोंदविली. सर्व औषध एकाच पेटीत, एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवण्याची चूक केवढी महागात पडली, हे पुढील सहा वर्षांत दिसून आले.

ताप वारंवार येत राहिला आणि त्याला आवर घालण्यास आता काहीच नव्हते. ताप असतानाच ते म्वेरू आणि बांग्वेउलू या सरोवरांपर्यंत जाऊन पोहोचले. टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी येथे औषधे आणि सामान येऊन पडले असेल, या आशेवर मार्च १८६९ मध्ये ते तेथे पोहोचले, तेव्हा बराचसा माल लुटला गेला होता. अमेरिकी पत्रकार हेन्री स्टॅन्ली १८७० साली मुंबईहूनच झांझिबारला निघाले आणि १८७१ च्या अखेरीस त्यांनी उजिजीत लिव्हिंग्स्टन यांना गाठले. स्टॅन्ली यांनी अन्न, औषध आणि पत्रे दिली, तेव्हा लिव्हिंग्स्टन यांच्या अंगात पुन्हा बळ आले. परत चलण्याचा स्टॅन्ली यांचा आग्रह मात्र त्यांनी मानला नाही.

नाशिककरांची शेवटची सेवा

स्टॅन्ली यांनी किनाऱ्यावरून पाठविलेल्या नव्या तुकडीत नाशिकच्या शाळेतील जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन हे तरुण होते. १८६६ पासून सोबत असलेला नाशिकचाच एडवर्ड गार्डनर, तसेच चुमा आणि सुसी हेही होतेच. १८७३ च्या पावसाळ्यात ही मंडळी बांग्वेउलूच्या दलदलीत अडकली. हिवताप आणि आतड्यांतील रक्तस्राव यांनी खंगलेल्या लिव्हिंग्स्टन यांना शेवटी झोळीतून न्यावे लागले. आजच्या झांबियातील चितांबो या गावी १ मे १८७३ च्या पहाटे ते खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. त्यांचे वय साठ वर्षांचे होते.

त्यांच्या साथीदारांनी त्यानंतर जे केले, त्याला प्रवासाच्या इतिहासात तोड नाही. देह मायदेशी पाठविण्याचे त्यांनी ठरविले. फरिजाला आणि कॅरस यांनी देहाची चिरफाड केली, तेव्हा पोटात हाताच्या पंजाएवढी रक्ताची गुठळी आढळली. हृदय आणि आतडी झाडाखाली पुरण्यात आली. जेकब वेनराइट याने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. मीठ लावून उन्हात सुकविलेला देह कापडात गुंडाळून, ताप आणि मृत्यू यांना तोंड देत, हजार मैलांहून अधिक अंतर या माणसांनी पार केले आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोचा किनारा गाठला. इंग्लंडमध्ये डाव्या दंडावरील सिंहाच्या जुन्या जखमेवरून ओळख पटविण्यात आली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली यांच्याबरोबर नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी जेकब वेनराइटही होता.

आजच्या प्रवाशासाठी

लिव्हिंग्स्टन यांना ज्या गोष्टींसाठी आयुष्य वेचावे लागले, त्या आज सहज उपलब्ध आहेत. तरीही जगात दरवर्षी सुमारे ६ लाख लोक हिवतापाने दगावतात आणि त्यातील बहुतेक मृत्यू आफ्रिकेत होतात. तेथील हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम या जातीच्या परजीवीमुळे होतो. भारतात व्हायव्हॅक्स ही तुलनेने सौम्य जातही मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे पूर्वी मलेरिया होऊन बरा झालो, आपल्याला काय होणार, हा भ्रम आफ्रिकेच्या प्रवासात घातक ठरू शकतो. शरीरात आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती काळाबरोबर ओसरते. आफ्रिकेत जन्मलेल्या, पण आता भारतात वा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि सुट्टीत घरी जाणाऱ्या कुटुंबांनाही हे लागू आहे.

मुक्काम चार दिवसांचा असो वा चार आठवड्यांचा, संसर्गाला एका रात्रीतील एक दंशही पुरतो. म्हणून प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट होय. आफ्रिकेतील बहुतांश भागांत क्लोरोक्विन निरुपयोगी ठरले आहे. तेथे जाणाऱ्यांना सामान्यतः तीनपैकी एक प्रतिबंधक औषध दिले जाते. डॉक्सिसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यावे लागते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावे लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हेही एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यावयाचे असते, मात्र परतल्यावर सात दिवस पुरतात. त्यामुळे छोट्या प्रवासासाठी ते सोयीचे ठरते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असले तरी ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्सिसायक्लिन, तर फेफरे वा मानसिक विकार असलेल्यांना मेफ्लोक्विन सहसा दिले जात नाही. कोणते औषध कोणाला द्यावे, याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

परतल्यावरही गोळ्या घेण्याचा कंटाळा अनेकांना येतो आणि तेथेच घात होतो. डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात शिरतो आणि किमान आठवडाभर तेथे वाढून मगच रक्तात उतरतो. मुक्कामाच्या अखेरच्या रात्री झालेला संसर्ग त्यामुळे घरी आल्यानंतर डोके वर काढतो. परतल्यावर निदान तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि प्रवास कोठे झाला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी ही तपासणी टाळू नये.

गोळी घेतली म्हणून डासांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. हिवताप पसरविणारा ॲनॉफिलीस डास मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळेत चावतो. या वेळेत पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या त्वचेवर डीईईटीयुक्त मलम आणि झोपताना कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आवश्यक ठरते. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी लागणारी पीतज्वराची लस वेगळी आहे. ती हिवतापापासून संरक्षण देत नाही.

औषधांची विभागणी हाही लहानसा पण मोलाचा नियम आहे. विमानात चढविलेली मोठी बॅग हरविणे, ही आजच्या काळातील नित्याची गोष्ट होय. संपूर्ण प्रवासाला पुरतील एवढ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात. जादा गोळ्या दुसऱ्या सामानात किंवा सोबतच्या माणसाकडे द्याव्यात.

लिन्यांतीला औषध जवळच होते, पण ते कोणाला ठाऊक नव्हते. मॅकेंझी यांचे औषध नदीत बुडाले. झांबेझीवर ते माणसांनी नियमाने घेतले नाही आणि १८६७ साली ते एकाच पेटीबरोबर गेले. औषधाचे मोल लिव्हिंग्स्टन यांच्याइतके त्या काळी फार थोड्यांना ठाऊक होते, परंतु त्या ज्ञानाचा त्यांना स्वतःलाही अखेरपर्यंत लाभ घेता आला नाही. महिनाभराच्या गोळ्या आज खिशात मावतात. त्या ठरलेल्या वेळी घेणे आणि घरी परतल्यावरही न थांबविणे, एवढे पथ्य मात्र प्रवाशाला स्वतःच पाळावे लागते.